आजी म्हणती गप बस, मी काय करू?

प्रश्न: आमच्या वस्तीतली माणसं ऊसतोडीला गेली, ९ वर्षांची पोरगी आजीपाशी ठेवून. दुकानदार गोळ्या देतो अन मोबाईलवर घाण व्हिडिओ दाखवतो. आजी म्हणती अब्रू जाईल. मी नुसती शेजारीण, तक्रार देऊ का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर: ताई, देऊ का काय, द्याच! पोरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवायचा २०१२ चा पॉक्सो कायदा हाय, त्यात पोरांना असलं दाखवणं हाच गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद, अन माहीत असून पोलिसांना न सांगणाऱ्यालाही शिक्षा हाय. पोरीचा जबाब घरी घेता येतो, पोलीस वर्दीत येत नाहीत, पेपरात पोरीचं नाव छापायला बंदी, मग अब्रू कशी जाईल? बाया-पोरांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षा देणारं राज्याचं शक्ती विधेयक २०२१ ला विधिमंडळात मंजूर झालं पण लागू काही झालं नाही, त्याची वाट बघू नका. आजच पोरांच्या मदतीचा १०९८ नंबर लावा, फुकट लागतो.