दारावर आंबा, कणगीखाली उंदीर

प्रिय सोनू,

"आंब्याची गुणसूत्रं 40, घरातल्या बारक्या उंदराचीही 40. मग आजी आंब्याची पानं दारावर बांधते अन् उंदराला पिंजरा का लावते?" असं तू परवा विचारलंस आणि माझी ड्यूटीची वेळ झाली. मस्कतला आल्यापासून इतका झकास प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आकडा खरा आहे. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले, आनुवंशिक माहिती साठवणारे धागे. पण आबांच्या घरी 40 पोती आणि शेजारीही 40, म्हणून दोन्हीकडं ज्वारीच असेल असं थोडंच आहे?

मला फरक दिसतो तो काळाचा. उंदरीण तीन आठवड्यांत विते, पिल्लं दीड महिन्यात वयात येतात. कोयीपासून वाढलेल्या गावरान आंब्याला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. तेवढ्यात उंदरांच्या चाळीसेक पिढ्या होऊन जातात. वहीत हिशेब करून बघ. बांधावरचा आंबा आबांच्या आजोबांनी लावलेला. त्याची फांदी तोडायची म्हटलं तरी आबा चार दिवस टाळतात.

पानांचं म्हणशील तर ती जाड, चिवट. तोडली तरी लगेच माना टाकत नाहीत. झाडही बारमाही हिरवं, त्यामुळे पाडवा असो, दसरा असो, लग्नाचा मांडव असो, डहाळा मिळतोच.

उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, म्हणून त्याला कुरतडणं भाग असतं. माझ्या लहानपणी आजी कणगीचं भोक शेणमातीनं लिंपायची, सकाळी शेजारी दुसरं पडलेलं असायचं. वर्षाची ज्वारी त्यात, मग पिंजरा लावणार नाही तर काय! (चिचुंद्रीला मात्र यात धरू नकोस, ती उंदराच्या जातीची नाहीच.)

आणि तरी गणपतीच्या पायाशी उंदीर बसतोच. तो शाप मिळालेला क्रौंच गंधर्व, असं पुराणात सांगतात. गणपती बसले की आजी पिंजरा उचलून माळवदावर ठेवायची आणि विसर्जन झालं की त्याच संध्याकाळी खाली आणायची. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "देवाचा उंदीर येगळा, कणगीतला येगळा." तुझ्या प्रश्नाला माझ्याकडं याहून बरं उत्तर नाही.

यंदा पिंजरा वर गेला का, ते कळव. आणि तू लावलेल्या कोयीला तांबूस पालवी फुटली असेल तर फोटो पाठव.

तुझी,
आई