'अनुदैर्घ्य' की 'दीर्घकालीन'?

प्रश्न असा आहे : बालविकासाच्या मानसशास्त्रावरील मराठी पुस्तकांत 'अनुदैर्घ्य अभ्यासपद्धती' (इंग्रजीत longitudinal; म्हणजे तीच मुले पुन्हापुन्हा तपासण्याची पद्धत) असा शब्द येतो. तो उच्चारायला अवघड आणि समजायला त्याहून अवघड आहे. त्याऐवजी सरळ 'दीर्घकालीन अभ्यास' म्हटले तर काय बिघडेल?

शब्द बोजड आहे, हे मान्यच करावे लागेल. अडचण एवढीच की सुचवलेला पर्याय वेगळी गोष्ट सांगतो. 'दीर्घकालीन' हे विशेषण अभ्यास किती काळ चालला ते सांगते, तर 'अनुदैर्घ्य' हे तो कोणत्या दिशेने गेला ते सांगते.

'धीर'पासून 'धैर्य' आणि 'स्थिर'पासून 'स्थैर्य' झाले, तसेच 'दीर्घ'पासून 'दैर्घ्य', म्हणजे लांबी. (छापील मजकुरात 'घ'चा 'ध' होऊन 'अनुदैर्ध्य' असे रूप इतके बोकाळले आहे की मूळ रूपच चुकीचे वाटू लागावे.) खरी मेख 'अनु'मध्ये आहे. ज्याच्या लांबीला धरून एखादी वस्तू पसरलेली असते, त्याच्याशी 'अनु'चा समास होतो, असे पाणिनीचे 'यस्य चायामः' हे सूत्र सांगते. त्याचे परंपरेतले उदाहरण 'अनुगङ्गं वाराणसी' असे आहे. वाराणसी गंगेच्या काठाकाठाने, तिच्या लांबीला धरून वसली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती किती लांब आहे, हे त्यात कुठेही आलेले नाही. 'अनुदैर्घ्य'ला पर्याय म्हणून 'अन्वायाम' असाही शब्द वापरतात. त्यातला 'आयाम' आणि सूत्रातला 'आयाम' एकच.

आता हे मुलांच्या अभ्यासाला लावून पाहू. एखाद्या संशोधकाने सलग दहा वर्षे, दर वर्षी, त्या त्या वर्षी पाच वर्षे पूर्ण झालेल्या नव्या मुलांचा शब्दसंग्रह मोजला, तर अभ्यास निःसंशय दीर्घकालीन झाला. पण एकही मूल दुसऱ्यांदा मोजले गेले नसल्यामुळे तो अनुदैर्घ्य मुळीच नाही. याउलट मिशेल लॅम्पल यांनी १९९२ साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३१ बाळांची लांबी पुन्हापुन्हा मोजली होती : काहींची आठवड्याला, काहींची आठवड्यातून दोनदा, तर काहींची रोज. बाळ कित्येक दिवस जराही वाढत नाही आणि मग एकाएकी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो सर्वांना पटला नाही; परंतु आपल्यापुरता मुद्दा असा की दोन मापांमधले अंतर एका दिवसाचे असले तरी तेच बाळ पुन्हा मोजले जाते, म्हणून ही पद्धत अनुदैर्घ्यच ठरते.

या शब्दाची जोडी 'अनुप्रस्थ' किंवा 'छेदात्मक' पद्धतीशी आहे, आणि जोडीतला एक शब्द बदलला की दुसराही लंगडा होतो. ओंडका आडवा कापला की एका जागचा सगळा काप एकदम दिसतो. उभा चिरला की एकच धागा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत कसा गेला ते दिसते. त्याचप्रमाणे चार, आठ आणि बारा वर्षांची वेगवेगळी मुले एकाच महिन्यात तपासणे हा आडवा छेद झाला. तो स्वस्त आणि झटपट असतो. मात्र ही मुले केवळ वयानेच नव्हे, तर जन्मवर्षानेही वेगळी असल्यामुळे दिसलेला फरक वयाचा की पिढीचा, हे त्यातून सांगता येत नाही.

ही भाषेची काटेकोर चर्चा सिद्धान्तालाही थेट भिडते. किशोरवयात उंची एकदम वाढते, पण ती उसळी कोणाला अकराव्या वर्षी येते, तर कोणाला चौदाव्या. वेगवेगळ्या वयांच्या मुलांची सरासरी काढून आलेख मांडला, तर त्या साऱ्या उसळ्या एकमेकींत मिसळतात आणि चढ सपाट, संथ दिसतो. एकेका मुलाचा आलेख स्वतंत्र काढला की उसळी स्पष्ट उमटते. फ्रान्समध्ये गेनो द मोंबेयार यांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली. निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ यांनी प्रसिद्ध केलेल्या त्या नोंदींत ही उसळी दिसते. उंचीचे जे होते, तेच विचारशक्तीचेही होऊ शकते. विकास अखंड, थेंबाथेंबाने होतो असे मानणारे आणि मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याप्रमाणे तो अवस्थांनी होतो असे मानणारे यांच्यातल्या वादात, फक्त आडव्या छेदाच्या सरासऱ्या पाहणारा माणूस नकळत पहिल्या पक्षात जाऊन बसतो.

'दीर्घकालीन' हा शब्द पार कोसळतो तो मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेल यांनी १९५३ साली मांडलेल्या पद्धतीपाशी. चार, सहा आणि आठ वर्षांच्या मुलांचे तीन गट घ्यायचे, प्रत्येक गट दोनच वर्षे पाहायचा, आणि चार ते दहा वयांचा पट जोडून काढायचा, अशी तिची कल्पना आहे. सहा वर्षांचे काम दोन वर्षांत व्हावे हाच तिचा हेतू. तिला 'प्रवेगित (म्हणजे वेग वाढवलेली) अनुदैर्घ्य' म्हणता येते. 'प्रवेगित दीर्घकालीन' म्हटले तर नावच स्वतःशी भांडू लागेल.

यंत्राने केलेल्या भाषांतरांत 'रेखांशाचा अभ्यास' असेही आढळते. लॅटिनमधल्या 'लांबी' या अर्थाच्या एकाच मूळ शब्दावरून इंग्रजीतला भूगोलातला longitude (रेखांश) आणि अभ्यासाचा longitudinal असे दोन्ही शब्द आल्यामुळे ही गफलत झाली आहे. मुलांचा पृथ्वीगोलाशी काही संबंध नाही. 'मागोवा' हा शब्द मला आवडला असता, पण मागोवा उमटून गेलेल्या पावलांवरून घेतात, आणि इथे पावले अजून पडायची असतात. म्हणून सामान्य वाचकासाठी मी 'पाठपुराव्याचा अभ्यास' असे लिहितो आणि पहिल्याच वाक्यात 'तीच मुले पुन्हापुन्हा तपासून' हे शब्द घालतो. परीक्षेच्या उत्तरात किंवा प्रबंधात मात्र 'अनुदैर्घ्य'च लिहावे, 'घ' नीट काढून.