बंधुसंघात येण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. रविवारच्या मिस्सानंतर पुण्याच्या सिटी चर्चच्या आवारात तू मला विचारलेस की, नाइट्स ऑफ कोलंबससारख्या कॅथलिक पुरुषांच्या बंधुसंघात सामील व्हावे का. तेव्हा मी उत्तर टाळले, कारण घाईत ते ‘हो’ असेच निघाले असते.

तू मला दाखवलेल्या छायाचित्रांत तलवारी आणि गणवेश होते. त्यांचे आकर्षण वाटणे मी समजू शकतो. तुझ्या वयात मलाही वाटले असते. पण १८८२ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी तो संघ स्थापन केला, तेव्हा त्यांच्यासमोर होती ती घरातला कर्ता पुरुष गेल्यावर उघड्यावर पडणारी स्थलांतरित कुटुंबे, आणि म्हणूनच सभासदांच्या विधवा व मुलांसाठी विम्याची व्यवस्था हा त्या संघाचा आरंभापासूनचा पाया राहिला.

आपल्याकडे तुला हात घालता येईल असे काम संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे आहे. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मोजक्या सोबत्यांसह ती सुरू केली. तुमचा धर्म गरिबांसाठी आज काय करतो, असा टोमणा वादसभेत ऐकल्यावर ही मुले प्रतिवाद लिहीत बसली नाहीत. तेथील गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडून त्यांनी गरिबांच्या घरी जायचे कसे हे शिकून घेतले. पूर्वी ही संस्था पुरुषांचीच होती, आता स्त्रियाही सभासद असतात. केवळ पुरुषांचाच संघ हवा असा तुझा आग्रह असेल, तर तो कशासाठी, हे आधी स्वतःला विचार.

काम दिसायला साधे आहे. ठरलेल्या दिवशी बैठक होते, प्रार्थना होते, हिशेब वाचले जातात (हा भाग कंटाळवाणा असतो, हे आधीच सांगून ठेवतो), आणि शेवटी झोळी फिरते. प्रत्येक जण तिच्यात मूठ घालतो. कोणी किती टाकले, हे कोणालाच कळत नाही. मग दोघादोघांनी घरभेटीला जायचे. कुटुंब ख्रिस्ती आहे की नाही, हा प्रश्न तेथे येत नाही, आणि ज्या सिटी चर्चची जागाच पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांसाठी दिली, त्या चर्चच्या माणसाने तो विचारूही नये.

खरी परीक्षा घरभेटीतच असते. मी नवा असताना नाना पेठेतील एका वाड्यात धान्याची पिशवी भर चौकातून मिरवत नेली आणि बाईंना मोठ्या आवाजात हाक मारली. शेजारची दारे उघडली. पुढच्या खेपेस त्यांनी दार उघडले नाही; आतून त्यांच्या मुलाच्या खोकण्याचा आवाज मात्र येत होता. माझ्या ज्येष्ठ सोबत्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, फक्त पुढचे काही महिने पिशवी स्वतःच धरली. बसायला सांगितले तर बसावे, चहा दिला तर तो नाकारू नये, आणि तेथे ऐकलेले आपल्या घरी आईलाही सांगू नये, हे सारे मी त्याच्या मागे चालतच शिकलो.

तुझी नोकरी पाळीची आहे, म्हणून उगाच शब्द देऊन बसू नकोस. महिन्यातून दोनच बैठकांना येणे जमणार असेल तर अध्यक्षांना तसे स्पष्ट सांग. आजाऱ्याला आपण मंगळवारी येऊ म्हणून सांगावे आणि तो वाट पाहत राहावा, यापेक्षा न गेलेले बरे.

अर्ज सध्या भरू नकोस. आधी माझ्याबरोबर दोन-तीन घरभेटींना ये. पुढच्या रविवारी मिस्सानंतर निघू. मोबाइल खिशातच राहू दे, आणि गाडी वाड्याच्या दाराशी न लावता कोपऱ्यावर लाव.

तुझा हितचिंतक