रीपरमध्ये ट्रॅक वाढले की स्क्रीनवर काय ठेवायचं, काय लपवायचं?

तुम्ही विचारलंय की रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस-बावीस ट्रॅक झाले की लॅपटॉपवर नुसतं वर-खाली सरकवत बसावं लागतं, तर ट्रॅकवरची नको ती बटणं काढता येतात का आणि रेकॉर्डिंगला एक, मिक्सिंगला एक असे वेगळे व्ह्यू ठेवता येतात का. दोन्ही येतं. मी बडोद्यात दांडिया बाजारात घरच्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करतो, नवरात्र जवळ आलं की गरब्याची कामं येतात, ढोल, ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, दोन गायिका, कोरस, टाळ्या वेगळ्या, तीस ट्रॅक सहज होतात आणि स्क्रीन चौदा इंचांची, त्यामुळे तुमचा त्रास मला चांगलाच माहितीये.

आधी बटणं. रीपर ६ किंवा ७ ची डीफॉल्ट थीम असेल तर ऑप्शन्स मेनूत थीम्समध्ये थीम अ‍ॅडजस्टर मिळेल. त्यात प्रत्येक बटण कधी लपवायचं ते ठरवता येतं, म्हणजे मिक्सर उघडा असताना, ट्रॅक निवडलेला नसताना, आर्म केलेला (म्हणजे रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवलेला) नसताना, किंवा कायमचंच. मी इनपुट आणि मॉनिटर आर्म नसताना लपवतो, तेवढ्यानेच पॅनल निम्मं मोकळं होतं.

पण माझ्या मते खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे इफेक्टचा एखादा नॉब थेट ट्रॅकवर आणून ठेवणं. गाणाऱ्या ताई हेडफोन लावून उभ्या असतात आणि मध्येच म्हणतात, दादा, जरा घुमतंय, कमी करा ना, तेव्हा रीव्हर्बची, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टची, खिडकी शोधत बसलं की त्यांचा सूर जातो. म्हणून त्या इफेक्टमधला वेटचा नॉब (घुमणारा आवाज किती मिसळायचा तो) एकदा हलवायचा, मग त्याच खिडकीतल्या परॅम बटणावर जाऊन शो इन ट्रॅक कंट्रोल्स करायचं. छोटा नॉब ट्रॅकवर येतो, हात तिथेच.

व्ह्यूसाठी स्क्रीनसेट वापरा. खिडक्या हव्या तशा मांडून शिफ्ट एफ७ दाबलं की मांडणी सेव्ह, नंतर नुसतं एफ७ दाबलं की परत हजर. एफ८, एफ९ वरही तसंच. ही मांडणी सगळ्या प्रोजेक्टमध्ये चालते. ट्रॅक व्ह्यू, म्हणजे ट्रॅकचा झूम आणि स्क्रोल, एफ४ ते एफ६ वर असतात, पण ते त्या-त्या प्रोजेक्टपुरतेच. माझं एफ७ रेकॉर्डिंगचं, मिक्सर बंद, ट्रॅक मोठे, आणि एफ८ वर मिक्सर पूर्ण रुंदीला.

ट्रॅक लपवायला व्ह्यू मेनूतला ट्रॅक मॅनेजर आहे, त्यात ट्रॅक पॅनल आणि मिक्सर यांचे वेगळे रकाने असतात, म्हणजे ढोलाचे चार माइक मिक्सरमध्ये ठेवून वर फक्त त्यांचा फोल्डर दाखवता येतो. एक मात्र नक्की लक्षात ठेवा, लपवलेला ट्रॅक वाजत राहतो! मी एकदा गाइडचा क्लिक (ताल धरायला वाजणारी टिकटिक) लपवला, म्यूट करायचा राहिला आणि मिक्समध्ये तो तसाच गेला, मंडळाने ऐकून फोन केला तेव्हा कळलं, रात्री बसून परत रेंडर करावं, म्हणजे गाण्याची फाइल नव्याने काढावी लागली. आधी म्यूट, मग लपवा.

एवढं सगळं जमलं की फाइल मेनूतून प्रोजेक्ट टेम्पलेट म्हणून सेव्ह करा, रंग, नावं, लपवलेले ट्रॅक सगळं पुढच्या गाण्याला तयार मिळतं.