सर्टिफिकेट अन् खोकं जुळलं पाहिजे

पोरा,

परवा फोनवर तू म्हणालास की सर, परदेशातून मशीन मागवायचंय, रिसर्चला ड्यूटी फ्री असतंय म्हणे, सवलतीसाठी संस्थाप्रमुखांचं जे सर्टिफिकेट लागतं त्याचा नमुना असेल तर पाठवा. नमुना पाठवतो, पण आधी हे वाच. सही-शिक्का झाला की काम झालं असं तुझ्या वयात मला पण वाटायचं.

पहिलं म्हणजे ड्यूटी फ्री हा शब्द डोक्यातून काढ. आपल्याकडं जे सगळे सांगतात ते कस्टम्सचं 51/96 नोटिफिकेशन, जुलै 1996 चं. त्यात बेसिक ड्यूटी 5 टक्क्यांवर आणलेली, शून्यावर नाही. जुने स्टोअरवाले अजून 5.15 म्हणतात, ते त्या काळचा 3 टक्के सेस धरून. जीएसटी आल्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, पण आपल्याला 5 टक्केच लागायचा, ते 18 जुलै 2022 पासून बंद झालं. जुन्या प्रपोजलमधून तो 5 चा आकडा कॉपी केला असशील तर आत्ताच खोड अन् 18 नं हिशोब कर, 40 लाखाच्या मशीनवर पाच लाखाच्या वर फरक पडतोय, ऐनवेळी तो कोण देणार?

आणखी एक. अशा सवलतींना हल्ली मुदत घातलेली असते, अन् ड्यूटीचा दर ऑर्डरच्या तारखेचा नाही तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल सोडवायचा कस्टम्सचा कागद, भरतात त्या वेळचा लागतो. ऑर्डर मार्चमध्ये अन् माल ऑगस्टमध्ये आला तर ऑगस्टचा कायदा. म्हणून माल निघायच्या आधी नोटिफिकेशन चालू आहे का हे सीएचएला, म्हणजे आपला माल सोडवणाऱ्या कस्टम्स एजंटला, परत एकदा विचारायचं, लाजायचं नाही.

त्याच्याही आधी एचएस कोड काढ, म्हणजे ड्यूटी ठरवायला प्रत्येक मालाला दिलेला नंबर. 1996 च्या डिसेंबरात सिंगापूरला आयटी मालाचा जो करार झाला त्यात स्पेक्ट्रोमीटर, क्रोमॅटोग्राफ हे पण आहेत, भारत त्यात 1997 ला गेला. म्हणजे तुझ्या मशीनवर बेसिक ड्यूटी मुळातच शून्य असू शकते अन् तू उगाच सर्टिफिकेटसाठी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसशील. लई जणांनी असं केलंय.

आता माझी गोष्ट. आम्ही एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर, स्फटिकांची रचना बघायचं मशीन, मागवला होता. सर्टिफिकेटात कोटेशनवरचं मॉडेल टाकलं, एकच ओळ, संस्थाप्रमुखांची सही, झकास. माल मुंबईला सहार विमानतळावर उतरला अन् सीएचएचा फोन, साहेब खोक्यावर मॉडेलच्या पुढं एक अक्षर जास्त आहे अन् मशीन थंड ठेवायचा चिलर वेगळ्या पेटीत आहे, त्याचं नाव तुमच्या सर्टिफिकेटात कुठंच नाही. दिवाळीच्या सुट्ट्या लागलेल्या, प्रमुख गावाला. नवीन सर्टिफिकेट करून मी परभणीहून देवगिरीनं निघालो, कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अन् फोल्डर भाकरीच्या पिशवीत, रात्रभर पिशवी मांडीवर. तोपर्यंत डॅमरेज, म्हणजे माल गोदामात पडून राहिल्याचं भाडं, चढलं होतं ते चढलंच. ग्रांटमध्ये डॅमरेजचं हेडच नसतं, मग ऑडिटवाला विचारतो हे कामून भरलं, अन् आपण दोन वर्षं खुलासे लिहित बसायचं. म्हणून कंपनीकडून पॅकिंग लिस्ट आधीच माग अन् प्रत्येक ओळ सर्टिफिकेटात घे. केबल, सॅम्पल होल्डर, सॉफ्टवेअर, सगळं. त्या 51/96 च्या यादीत अ‍ॅक्सेसरीज, पार्ट्स, कन्झ्युमेबल्स होते, प्रयोगाचे जिवंत प्राणी सुद्धा होते, पण तू लिहिलंच नाही तर कस्टम्सवाला स्वतःहून लिहिणार नाही. बिल ऑफ एंट्रीला उशीर झाला तर त्याचा दंड वेगळा, पहिले तीन दिवस रोजचे 5 हजार, नंतर 10 हजार.

संस्थेचं डीएसआयआर, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक अन् औद्योगिक संशोधन खात्याचं, रजिस्ट्रेशन आहे का अन् संपलेलं तर नाही ना, ते पण बघून ठेव.

अन् भाषा जपून वापर. सर्टिफिकेटात 'फक्त संशोधनासाठी' असं प्रमुखांनी लिहून द्यायचं असतंय. इंडेंटमध्ये, म्हणजे खरेदीच्या मागणीत, तू उत्साहात 'बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला पण उपयोगी' असं लिहिलंस, तर एकाच फाइलीत दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेत अशाच सवलतीच्या 1966 च्या कायद्यात शिकवणं अन् संशोधन दोन्ही चालतं, आपलं तसं नाही. पण त्यांच्याकडं वेगळीच मेख आहे, त्याच वैज्ञानिक लायकीचं यंत्र अमेरिकेत कोणी बनवत नाही हे अर्जात दाखवावं लागतं, अन् बाहेरचं स्वस्त पडतं म्हणून तिथं भागत नाही. मला ते आवडतं. तुझं स्पेसिफिकेशन पण तसंच लिही, कॅटलॉगमधून उचलू नको, माझ्या प्रयोगाला एवढं रिझोल्यूशन लागतं कारण माझ्या आलेखातली दोन टोकं (पीक) एवढी जवळ आहेत, असं. पर्चेस कमिटीत कोणी विचारलं की इंडियन का नको, तर तोंड उघडायला जागा राहते.

सवलतीत आलेलं मशीन बसवल्यापासून 5 वर्षं विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. वाळूजच्या कंपन्या सॅम्पल घेऊन येतील, पैसे देतो म्हणतील. 'फक्त संशोधनासाठी' लिहून दिलंय हे तेव्हा आठव, अन् लेखी परवानगीशिवाय पावती फाडू नको.

खोकं गेटवर आलं की पोरांना पहार घेऊन धावू देऊ नको. पेटीवर शॉकचा स्टिकर असतोय, छोटी काचेची नळी, दणका बसला की लाल होते. ती लाल असली तर ट्रकवाला उभा असतानाच फोटो काढ अन् त्याच्या पावतीवर लिहून घे. इन्शुरन्स लॅबच्या दारापर्यंतचा घेतला असशील तरच त्या फोटोचा उपयोग, विमानतळापर्यंतचा असला तर मग बस बोंबलत.

अन् चिलरला पाणी कुठून आणणार ते आधी ठरव. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तू तेव्हा शाळेत असशील. जर्मन इंजिनिअर विचारतो टॅप वॉटर चालेल ना, त्याला आपला एप्रिल माहीत नसतोय.

प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे कंपनीचं कच्चं बिल, अन् पॅकिंग लिस्ट आली की सहीला पाठवायच्या आधी मला व्हॉट्सअ‍ॅप कर. पीडीएफच पाठव, मागच्या वेळेसारखा स्क्रीनचा तिरपा फोटो नको, मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षरच कापलं जातंय त्यात.

तुझा,
सर