गोदामावर राखणदार म्हणून नवा लागलास, तर आधी हे ऐक

गड्या, वर्दी मोंढ्यातल्या आडतीची असो की वाळूज एमआयडीसीतल्या कंपनीची, तिच्यानं अटकेचा जादा अधिकार मिळत नाही. तुला आहे तो साध्या नागरिकाचाच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मधला. गुन्हा तुझ्या डोळ्यांसमोर घडलेला पाहिजे, आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात असा) अन् अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) असा दोन्ही पाहिजे. न्यायालयानं फरार जाहीर केलेला आरोपीही धरता येतो. काल कॅमेऱ्यात दिसला म्हणून आज गेटवर धरायचा, हे चालत नाही. वाजवी संशयावर पोलीस धरू शकतात, आपण नाही.

खरी गडबड होते ती किमतीवर. 5,000 रुपयांच्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. उघड्या आवारातून कुणी चार रिकामी पोती उचलली तर माल परत घे, नाव-गाव विचारून लिही, मालकाला कळव. पण कोंडू नको. बंद गोदामातून माल काढला किंवा नोकरानंच मालकाचा माल पळवला, तर कलमं वेगळी लागतात. तिथं किंमत बघायची नाही.

धरलंस की वेळ नोंदवहीत टाक अन् लगेच 112 लाव. पोलिसांच्या ताब्यात द्यायला जास्तीत जास्त 6 तास आहेत, पण ते मालक जेवून येईपर्यंत घालवायला नाहीत. खिसे-पिशव्यांची झडती पोलिसांवर सोड. पळत असेल तर अडव, तेवढाच जोर वापर. खांबाला बांधून हाणलंस तर गुन्हा तुझ्यावर. मालकानं सांगितलं होतं, ही सबब ठाण्यात चालत नाही.