चित्र मागावर चढवण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. ‘मोनालिसा’, जपानी चित्रकार होकुसाईची लाट आणि पिकासोचे ‘ग्वेर्निका’ ही तीन चित्रे जपानमधील क्योतोच्या निशिजिन या विणकर वस्तीच्या पद्धतीने रेशमात विणण्याचा तुझा मनोदय वाचून आनंद झाला, पण यादी पाहून थोडी काळजीही वाटली. ‘ग्वेर्निका’ आजच बाजूला ठेव. पिकासो १९७३ मध्ये वारला आणि जपानमध्ये आता कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. परवानगीच्या पत्रव्यवहारात तुझी उमेदीची वर्षे जावीत असे मला वाटत नाही. ‘मोनालिसा’ला कायद्याची अडचण नाही, तरी तीही वगळ, कारण त्या चेहऱ्यावर सावली कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे लिओनार्दोने मुद्दाम कळू दिलेले नाही, आणि विणकराला मात्र एखाद्या नेमक्या ताण्यापाशी, म्हणजे उभ्या धाग्यापाशी, एक रंग थांबवून दुसरा सुरू करावाच लागतो. असे चित्र विणता येत नाही असे नव्हे. पण ते विणून झाल्यावर पाहणारा फक्त चिकाटीचे कौतुक करतो, कापडाकडे पाहत नाही. होकुसाईची लाट ठेव. मुळात ती लाकडी ठशांची छपाई असल्यामुळे तिच्यातले रंग सपाट आणि कडा स्पष्ट आहेत.

चित्र निवडण्याआधी कोणत्या मार्गाने विणायचे हे ठरव, कारण निशिजिनमध्ये चित्र विणण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. पहिला जॅकार्डचा, म्हणजे आराखड्याप्रमाणे ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्राचा. १८७२ मध्ये क्योतोहून तीन विणकर फ्रान्समधील लियाँला पाठवले गेले आणि त्यांच्यामुळे हे यंत्र निशिजिनला पोहोचले. तिघांपैकी एक परतीच्या प्रवासात जहाज बुडून वारला. या मार्गात चित्राचा आधी चौकटीच्या कागदावर, हल्ली संगणकावर, चौकोन न् चौकोन आराखडा होतो आणि कोणता ताणा केव्हा उचलायचा हे सारे माग सुरू होण्याआधीच ठरलेले असते. आराखडा करणारा, सूत रंगवणारा, ताणा लावणारा आणि विणणारा असे वेगवेगळे कारागीर, बहुधा वेगवेगळ्या घरांत, हे काम वाटून घेतात. तू एकटीने सारे शिकेन म्हणतेस. ते मोठे आहे, पण तिथल्या रीतीत बसणारे नाही.

दुसरा मार्ग त्सुझुरेचा, म्हणजे हाताने रंग भरत विणण्याचा, आणि तू मराठी घरातली असल्याने तो तुला परका वाटणार नाही. येवल्याच्या पैठणीच्या पदरात मोर विणताना जशा रंगागणिक वेगळ्या तिल्ल्या चालतात, तसेच इथेही बाणा, म्हणजे आडवा धागा, काठापासून काठापर्यंत न जाता आपापल्या रंगाच्या हद्दीतून मागे फिरतो. फरक हद्दीवर आहे. पैठणीत शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवले जातात. त्सुझुरेत ते बहुधा अडकवत नाहीत, म्हणून रंगाची कड उभी असली की तिथे बारीक फट राहते. आराखड्याचा कागद ताण्याखाली ठेवलेला असतो, कापडाची उलट बाजू वर असते आणि सुलट बाजू आरशात पाहावी लागते. विणकर मधल्या बोटांची नखे करवतीच्या दातांसारखी कापून घेतात आणि त्या नखांनी बाणा ओढून घट्ट बसवतात; अतिशय बारीक नक्षीत दिवसभराच्या कामानंतर कापड बोटभरही वाढलेले नसते.

या तंत्राने प्रसिद्ध चित्रे विणण्यात ज्यांचे नाव घ्यावे ते क्योतोचे कावाशिमा जिनबेई (या नावाचे दुसरे). १८८६ मध्ये ते युरोपला गेले आणि पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यातील भित्तिपट त्यांनी अभ्यासले. तिथे रंगछटांची शिडी किती लांब असू शकते हे त्यांना दिसले. वेगवेगळ्या रंगांचे अतिबारीक तंतू एकत्र करून एकच बाणा तयार करण्याची युक्ती त्यांच्या कामात दिसते ती याच शोधातून. त्यामुळे दोन छटांमधली तिसरी छटा रंगाच्या भांड्यात नव्हे, मागावर तयार होते. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात त्यांनी अठराव्या शतकातला चित्रकार इतो जाकुचू याच्या ‘दोशोकु साई-ए’ या ३० चित्रांच्या मालिकेतली निवडक चित्रे त्सुझुरेत विणून एक आख्खे दालन सजवले होते.

या मालिकेपाशी तू थोडी थांब, कारण माझे सारे म्हणणे तिथे आहे. मालिकेत एका पांढऱ्या फिनिक्सचे चित्र आहे आणि त्याच्या जाळीदार पिसांतून सोनेरी झाक येते. कोणाही विणकराचा हात इथे जरीकडे जाईल. निशिजिनमध्ये तर त्यासाठी अप्रतिम साहित्य आहे: हातकागदावर लाखेने सोन्याचा वर्ख चिकटवून त्याच्या केसासारख्या पट्ट्या कापतात आणि एकेक पट्टी बांबूच्या आकडीने ताण्यातून ओढून घेतात, पट्टी उलटली तर कागदाची पाठ दिसते, म्हणून नजर हलवता येत नाही. पण १९९९ नंतरच्या संवर्धनकामात असे दिसून आले की जाकुचूने त्या पिसांत सोने वापरलेलेच नाही. रेशमी पटाच्या मागच्या बाजूने त्याने पिवळा मातीरंग लावला आणि पुढून पांढऱ्या रेषा काढल्या. सोने पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होते. मग विणकराने काय करावे? सोनेरी जर घातली तर दिसणे जुळेल, पण चित्रकाराची युक्ती हरवेल. मी ती जर घालणार नाही. पांढऱ्या बाण्याखालून पिवळसर ताणा किंचित डोकावेल एवढी वीण सैल ठेवून पाहीन, म्हणजे झाक मागूनच येईल. त्सुझुरेत ताणा पूर्ण झाकण्याचा नियम आहे आणि तो इथे मोडेल, हे मला ठाऊक आहे. तुझे मत वेगळे असू शकते. मात्र जरीची किंमत किंवा झगमग पाहून ते ठरलेले नसावे.

जॅकार्डच्या मार्गातही हाच प्रश्न येतो. निशिजिनचे यामागुची इतारो सत्तरीला पोहोचल्यावर ‘गेंजी’ या जुन्या जपानी कथेवरील बाराव्या शतकातले चित्रांचे पट विणण्याच्या मागे लागले आणि १०५ व्या वर्षी वारले तोवर त्याच कामात होते. चौथा पट त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुरा केला. जॅकार्ड फ्रान्सने दिला म्हणून त्यांनी हे पट पॅरिसच्या गिमे संग्रहालयाला भेट दिले. त्या चित्रांत डोळा म्हणजे एक बारीक रेघ असते, आणि रेघ धाग्यापेक्षा बारीक विणता येत नाही. तिरकी झाली की पायऱ्या पडतात. एक धागा चुकीच्या जागी उचलला गेला तर शांत चेहरा रागीट दिसू लागतो.

तेव्हा आता असे कर. होकुसाईच्या लाटेचा फक्त फेसाचा एक पंजा घे, वीतभर. त्याचे आराखडे दोन कर, एक उभा आणि एक चित्र आडवे करून, आणि फटी कोठे पडतात ते लाल शाईने दाखव. निळ्याच्या किती छटा लागतील हे छापील पुस्तकावरून ठरवू नकोस, पुस्तकागणिक निळा बदलतो. संग्रहालयातली मूळ ठशांची छपाई पाहायला मिळेल तेव्हा धाग्यांच्या नमुन्यांची पट्टी सोबत ने. नमुना विणून झाला की दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठव. धाग्यांची टोके तू कोठे संपवली आहेस ते मला उलट बाजूवर आधी पाहायचे आहे. क्योतोच्या कार्यशाळेसाठी शिफारसपत्र मी त्यानंतर लिहीन.

कळावे.
तुझा हितचिंतक